शिगेचं माप

त्या रविवारी मी पाचूबंदरला आईकडे पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि आतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. मी चप्पल काढता काढता थांबले. पावसाळ्यात आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून तिचं हसणं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. दर रविवारी आचोळ्याहून स्कूटर काढून मी तिच्याकडे यायचे, तिच्याशी बोलायचे, शेजारपाजारच्या गमती सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

आत गेले. आई स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला आणि डाव्या हातात धान्य मापायचं तिचं जुनं पितळेचं चिपटं. समोर जमिनीवर माझी भावजय मांडी घालून बसली होती. तिच्यापुढे बशीएवढा चपटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि काट्यावर स्टीलचा रिकामा डबा. आई चिपटं मांडीत टेकवून पिशवीतला रवा डाव्या हाताने त्यात सोडायची आणि मग डब्यात ओतायची. भावजय आकडा बघून फोनमध्ये टिपायची, डब्यातला रवा परत पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "आई, आणखी एकदा."

"आता शेवटचं ना?" आई म्हणाली. झटक्यानंतर तिची जीभ जरा जड झाली होती.

"शेवटचं."

"मघाशी पन शेवटचंच होतं गं," असं म्हणून आई परत हसली. रवा तिच्या पातळावर सांडला, तशी दोघी आणखी हसल्या.

मी दारात उभी होते. त्यांना मी दिसायला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात माझ्या छातीत जे काही झालं त्याला मी काळजी, थकवा, ऊन असली बरीच नावं देऊन पाहिली. तो निव्वळ हेवा होता. माझ्या आईला हसवायचं काम माझं होतं आणि ते दुसरीनेच केलं होतं. तेही केकवरून.

हा केक म्हणजे काय ते सांगायला हवं. आई आयुष्यभर वसईच्या बाजारात मासळी घेऊन बसली. घरात रोजचं कालवण-भात भराभर उरकायची, त्यात तिचं मन नसायचं. पण नाताळच्या आधी ती रवा आणि ओल्या नारळाचा केक करायची, तेव्हा ती वेगळीच बाई असायची. बाजाराला सुट्टी, डोक्याला फडकं, आणि घरात कुणी मध्ये बोलायचं नाही. रवा, साखर, नारळ सगळं त्या एका चिपट्याने. अंडी शेजारच्या मावशींच्या कोंबड्यांची. मिश्रण रात्रभर मुरत ठेवायचं आणि सकाळी पत्र्याचे डबे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. पाव काढून झाल्यावर भट्टी थोडी निवली की बेकरीवाले गल्लीतल्या सगळ्यांचे डबे आत सरकवत. डबे परत येत तेव्हा मावशी आमच्या दारात येऊन उभ्याच असत. "हिच्यासारखा रंग कुनाच्या केकला येत नाय," असं दर वर्षी म्हणत.

मी लहानपणापासून तिच्या शेजारी असायचे. नारळ खवायची मी, अंडी फेटायचीही मीच. लग्न होऊन आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले तरी नाताळच्या आधी एक दिवस शाळेतून रजा काढून यायचे. मी नालासोपाऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. लोक म्हणायचे, "आईनंतर आता तूच." मी मान डोलवायचे. मला ते खरंच वाटायचं. तिच्या हातचं जे काही आहे ते आपोआप माझ्या हातात उतरलेलं आहे, फक्त तिच्या मागे एकदा करून दाखवायचं बाकी आहे, असं मी धरूनच चालले होते.

भावजय आली ती दोन वर्षांपूर्वी. माझ्या धाकट्या भावाने वसईला पूर्वेकडच्या औषधाच्या कारखान्यात जुळवलेलं लग्न. तो तिथे मशीनवर, ती लॅबमध्ये. मुलगी साताऱ्याकडची. आली तेव्हा तिला बोंबील धरता येत नव्हता, हातातून निसटायचा. आई तिला काही म्हणायची नाही, पण मी मात्र दर रविवारी मासे साफ करायला बसायचे आणि तिच्याकडे बघत सुरी चालवायचे. आता लिहिताना कळतं की मला ते आवडायचं. तिला न येणारं बरंच काही त्या घरात होतं आणि त्यातलं सगळं मला येत होतं.

मग आईचा उजवा हात गेला.

नाताळाचा विषय पहिल्यांदा भावजयीनेच काढला. भावाच्या वाढदिवसाला तिने केक करून पाहिला. चिपट्यात पाणी भरून मापलं तर साधारण एक कप भरलं. तिने फोनवर कपाचे ग्रॅम करून देणारा तक्ता शोधला. एक कप रवा म्हणजे इतके ग्रॅम, एक कप साखर म्हणजे इतके, एक कप खोबरं म्हणजे इतके. लॅबमधल्या सवयीप्रमाणे तिने सगळं काटेकोर तोललं आणि घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये भाजलं. केक मध्ये बसला. कापला तर आतून चिवट आणि ओला, अंड्याचा वास मारणारा. आईने एक घास चावला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली, "हा केक नाय. हा अंड्याचा पोळा झाला."

आई सोडून सगळे हसले. भावजयही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मी घरी जाताना स्कूटरवर गाणं गुणगुणत होते. एका बाईचा केक फसला म्हणून दुसऱ्या बाईला इतका आनंद व्हावा, हे मला तेव्हा विचित्रसुद्धा वाटलं नाही.

दुसरी कुणी असती तर तिने नाद सोडला असता. हिने विचार केला की तक्ता चुकीचा नाही, पण तो कुणा दुसऱ्याच्या कपाचा आहे. आई चिपटं कसं भरते ते त्या तक्त्याला काय माहीत? म्हणून तिने काटा आईसमोर मांडला. आईच्या डाव्या हातात चिपटं दिलं आणि तिने जेवढं भरलं तेवढं तोलायला सुरुवात केली. मी दारात उभी राहिले तो रविवार त्यातलाच.

"ताई, बरं झालं आलात," भावजय म्हणाली. तिने बसायला पाट सरकवला. "एक सांगा ना. आईंचा डावा हात आहे, त्यामुळे दर वेळी थोडं कमी-जास्त येतंय. तुम्ही इतकी वर्षं बघितलंय. आई रवा सपाट भरायच्या की वर शीग ठेवायच्या?"

मी आईच्या हाताकडे पाहिलं, मग चिपट्याकडे. मला आठवेना. नारळ आठवत होता, खवणीवर बसून माझी पाठ दुखायची ते आठवत होतं, आईच्या डोक्याचं फडकं आठवत होतं. रवा भरतानाचा तिचा हात मात्र डोळ्यांपुढे येत नव्हता.

"सपाट," मी म्हणाले. शाळेत मुलांना सांगतात तशा ठाम आवाजात.

आईने मान हलवली. "नाय बाय. रवा शिगेचा. साखर सपाट."

"आणि खोबरं?" भावजयीने लगेच विचारलं.

आईने डावा पंजा उघडला आणि चिपट्यावर दाबून दाखवला. "दाबून. दाबून पन पानी सुटता कामा नये."

भावजयीने तिथल्या तिथे नारळ फोडला, खवला, आईला चिपट्यात दाबायला लावला आणि काट्यावर ठेवला. आकडा बघून ती उडालीच. "बघा ताई, तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त! रवाही जास्त. मी दोन्ही कमी घातलं आणि अंडी तेवढीच, मग पोळा नाही तर काय होणार!" मग तिला अंड्यांचं सुचलं. मावशींच्या कोंबड्यांची अंडी लहान, दुकानातली मोठी. तिने मावशींकडून अंडी आणली, फोडून, टरफल टाकून आतलं तेवढं तोललं. आई पुढे झुकून काट्यावरचा आकडा बघत होती. तिला इंग्रजी आकडे वाचता येत. बाजारात वजन तिनेही आयुष्यभर केलं होतं. भावजयीआधी आकडा सांगायचा असा तिने खेळच लावला होता.

मी पाटावर बसून राहिले. माझ्याकडे कुणी दुर्लक्ष केलं नाही. चहा मिळाला, बिस्किटं मिळाली. पण त्या खोलीत एक काम चाललं होतं आणि त्यात मला जागा नव्हती.

भावजय दूध आणायला गेली तेव्हा मी आईला विचारलं, "हे सगळं मला कधी सांगितलं नाहीस तू."

आईने माझ्याकडे नवल करून पाहिलं. "तुला काय सांगायचं? तू तर इथंच वाढलीस. तुला येतंच ना."

"कुठे येतं?"

"येतं गं," ती म्हणाली, जशी मी शाळेतली लहान पोर आहे आणि उगाच भीती घेते आहे. "आता हिला बिचारीला कुठून माहीत असनार? तिला सांगावं लागतं." मग तिने चिपटं माझ्या हातात दिलं. "हे तू घेऊन जा. इथं आता लागत नाय. तिच्या फोनात सगळं आलं."

आई ते प्रेमानेच म्हणाली होती. आईची वस्तू मुलीला मिळाली, याहून चांगलं काय? पण पिशवीत चिपटं टाकून मी निघाले तेव्हा मला वाटत होतं की वाटणीत मला भांडं आलं आणि केक तिच्याकडे गेला.

डिसेंबरात, नाताळच्या आदल्या आठवड्यात, मी आचोळ्याच्या घरी केक केला. काटा न घेता. काट्याला हात लावायचा नाही असं मी मनाशी ठरवलंच होतं. चिपटं माझ्याकडे होतं, शीग कुठे आणि सपाट कुठे तेही आता कळलं होतं, आणि मी त्या बाईच्या पोटची होते. रवा भरला, चिपटं ओट्यावर आपटून बसवला, पुन्हा वर शीग लावली. खोबरं सगळा जोर लावून दाबलं. अंडी दुकानातली, पण मनाने एक कमी घातलं. रात्रभर मुरवलं. सकाळी घरभर वास सुटला आणि मला खात्री पटली की जमलं.

केक कापताना सुरी अडकली. वरचा रंग सुरेख होता, पण आत कोरडा, भुसभुशीत, घशात बसणारा. माझी मुलगी कॉलेजात आहे. तिने एक तुकडा पूर्ण खाल्ला आणि पाणी प्यायली. नवरा म्हणाला, "चहात बुडवला की चांगला लागतो." त्याने खरंच दोन दिवस तो चहात बुडवून खाल्ला, माझ्या समोर बसून. त्या चांगुलपणाचा मला फार राग आला.

"मामीला फोन करून ग्रॅम विचार ना," मुलगी म्हणाली. "ती देईल."

ती देईल हे मलाही ठाऊक होतं. तेच तर नको होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाचूबंदरला गेले. भावजयीचे डबे बेकरीच्या भट्टीतून नुकतेच आले होते. ओव्हन न वापरता तिने भट्टीवरच नेले होते, कारण आईने तसं सांगितलं होतं. मावशी नेहमीसारख्या दारात आल्या. एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि आईकडे बघून म्हणाल्या, "हात गेला म्हनतेस आनि केक तर तुझाच!"

आई खुर्चीत ताठ बसली. तिचा अख्खा चेहरा उजळला, झटक्याने लोंबलेली बाजूसुद्धा. भावजयीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या हातातही एक तुकडा होता. मी खाल्ला. तोच होता. लहानपणापासून नाताळ म्हटलं की जिभेवर जे येतं ते अगदी तेच, भट्टीच्या किंचित धुरकट चवीसकट. मी दुसरा तुकडा घेतला नाही. कुणाला काही न सांगता मागच्या दाराने बाहेर पडले आणि किनाऱ्याकडे गेले.

दुपारची वेळ. वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, होड्या ओहोटीत कलंडलेल्या. मी एका होडीच्या सावलीत बसले आणि रडले. मरणाबिरणाचं काही दुःख नव्हतं. माझी आई जिवंत होती, आनंदात होती, आणि मी रडत होते कारण तिच्या केकसारखा केक झाला होता.

भावजय मला शोधत आली. उभी राहिली, मग शेजारी बसली. तिच्या बोटांना अजून तुपाचा वास होता.

"ताई, तुम्ही माझ्यावर रागावलाय का? बरेच दिवस बघतेय."

खोटं बोलणं खूप सोपं होतं. पण मला कंटाळा आला होता. "राग नाही," मी म्हणाले. "मला तुझा हेवा वाटतो."

 मला वाटलं, आता ती समजूत घालेल, आणि ती घातली तर मला सहन होणार नाही. तिने घातली नाही. वाळूतला शिंपल्याचा तुकडा उचलला, टाकला.

"मला पण तुमचा वाटतो," ती म्हणाली.

"माझा? कशाचा?"

"रविवारचा." ती समुद्राकडे बघत बोलत होती. "सगळा आठवडा आईंचं मी करते. अंघोळ, औषध, व्यायाम. त्यांना मी आवडते, मला माहितीय. पण रविवारी त्या पहाटेपासून जाग्या असतात. मला कपाट उघडायला लावतात. हे पातळ नको, ते काढ, तिने आणलेलं. केसांना तेल लाव, पावडर लाव. मग खुर्ची खिडकीशी न्यायला सांगतात आणि स्कूटरचा आवाज आला की लगेच बाहेर दुसरीकडेच बघत बसतात, वाट बघत होत्या असं तुम्हाला वाटायला नको म्हणून." तिने बोटांची वाळू झटकली. "माझ्यासाठी त्या कधी पातळ बदलत नाहीत. मी कामावरून येते तेव्हा त्या झोपलेल्या असल्या तर झोपूनच राहतात."

 आईचं ते खिडकीबाहेर बघणं मी किती महिने आजाराचं समजत होते!

"मी घरातलीच आहे म्हणून असेल," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "असेल ना?"

"हो," मी म्हणाले. "घरातल्याला ती काही सांगत नाही आणि दाखवत नाही. मलाही केक कधी सांगितला नाही."

त्यावर आम्ही दोघी हसलो. फार नाही. तेवढ्यात एक कुत्रं बोंबलांकडे निघालं होतं, ती उठून त्याला हाकलायला धावली. साताऱ्याची ती पोर आता पाचूबंदरच्या बायांसारखीच हाळी देत होती.

तिने त्याच संध्याकाळी फोनवर सगळे ग्रॅम पाठवले. खाली एक ओळ होती, "ताई, रवा पिशवीतून थेट भरू नका, आणि भरल्यावर आपटू नका. आई हाताने हळूच सोडतात." मी काटा मागवला. नवीन वर्षाच्या सुरुवातीला केक केला, भांडं ठेवून आकडा शून्यावर आणून, एकेक गोष्ट तोलून. मुलगी शेजारी उभी राहून आकडे वाचत होती. केक झाला. पहिला तुकडा खाऊन मी ओट्याला टेकून उभीच राहिले. आनंद झाला, आणि आनंदाच्या खाली अजून ते टोचत होतं, कारण आईपर्यंत पोचायला मला भावजयीच्या फोनवरून जावं लागलं होतं.

त्या रविवारी अर्धा केक आईला नेला. मुद्दामच न सांगता जेवणानंतर बशीत दिला. आईने खाल्ला.

"कोनी केलाय?" तिने विचारलं.

"तूच सांग."

तिने आधी भावजयीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं नाही. तिने पुन्हा एक घास घेतला, डोळे बारीक करून चावला आणि हार मानली. "माझाच हाय," ती म्हणाली आणि बशी पुढे केली. "अजून दे."

ते ऐकून भावजय माझ्याकडे बघून हसली आणि मीही हसले. त्या दिवशी निघताना मी आईला म्हटलं की पुढच्या आठवड्यापासून मी शनिवारीही संध्याकाळी येईन, मुक्कामाला. ती म्हणाली, "कशाला येवढी दगदग?" आणि लगेच भावजयीला विचारलं की जास्तीची चादर धुतलेली आहे का.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. कॉलेजच्या या सुट्टीत माझी मुलगी मामीकडे राहायला गेली आहे. दोघी मिळून आईच्या कोळी मसाल्याचं प्रमाण लावताहेत. काल फोन केला तर तिला बोलायला वेळच नव्हता. "आई, नंतर करते, आजी मिरच्या तोलतेय," म्हणाली आणि ठेवून दिला.  मी शनिवारची वाट न बघता शाळेत एक दिवसाची रजा टाकली आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.